रेडिओ कंट्रोल बोट 'मी बांधली' असं कधी म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्वतः बांधली' म्हणजे नक्की कुठवर स्वतः?

तळ्याच्या काठावर बोट ठेवली की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. "घरी केली का?" आपण हो म्हणतो. समोरचा खाली वाकतो, हल (बोटीचं खालचं कवच) बघतो, झाकण उचलून मोटर बघतो आणि जरा मिश्कीलपणे विचारतो, "हीसुद्धा घरीच केली?" पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

माझी कसोटी अशी आहे. बोट पाण्यात सोडली आणि ती डावीकडे कलली. आता कारण कुठे शोधाल? झाकण काढून हात थेट बॅटरीकडे गेला, किंवा तोल साधायला तळाशी ठेवतात त्या वजनाबद्दल "उजवीकडे शिसं कमी पडलंय" असं तोंडातून आपसूक निघालं, तर बोट तुम्ही बांधलेली आहे. माहितीपत्रक उघडावं लागलं तर ती अजून कारखान्याची आहे. आतली वस्तू जिथे बसलीय तिथेच का बसलीय, हे ज्याने ठरवलं तो बोटीचा बांधणारा. लाकूड कोणी कापलं हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढची सगळी उत्तरं याच कसोटीतून आलेली आहेत. ती न पटणारेही पुष्कळ आहेत. आराखड्याच्या रेषा स्वतः काढून, फळी फळी स्वतः चिकटवून केली तीच खरी, असं मानणारी जुनी जाणती मंडळी आहेत. त्यांच्या बोटी जवळून पाहिल्या की वाद घालायची हिंमत होत नाही, हे कबूल करतो.

डब्यातून काढून थेट पाण्यात सोडायची बोट घेतली. मग मोटर बदलली, रंग बदलला. आता ती माझी म्हणू का?

मालकीची म्हणा, बांधलेली म्हणू नका. रंग ही सजावट झाली. मोटरचं मात्र थोडं वेगळं आहे. साधी ब्रशची मोटर काढून तिथे ब्रशलेस बसवली की एक एक गोष्ट मागे लागते. जुना स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) चालत नाही, नवा घ्यावा लागतो. तो तापतो, म्हणून पाणी फिरवून थंड करायची नळी टाकावी लागते. वेग वाढला की मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा बारीक दांडा, म्हणजे शाफ्ट, थरथरतो, पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा बदलावा लागतो, आणि बॅटरी मोठी घेतली की ती मागेपुढे सरकवून तोल नव्याने साधावा लागतो. एवढं सगळं केलंत तर 'सुधारलेली' हा शब्द तुम्ही कमावलात. कित्येक चांगल्या बांधणाऱ्यांची सुरुवात अशीच झालेली असते. आधी एक मोटर जळते, मग कुतूहल पेटतं.

किट जोडलं तर ते बांधणं होतं का?

किट किट म्हणतात, पण त्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एकात हल तयार, शाफ्ट बसवलेला, डेक (हलचं वरचं छत) चिकटवलेला. तुम्ही स्क्रू पिळायचे, सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) बसवायचा, स्टिकर लावायचे. एका संध्याकाळचं काम. ही जोडणी.

दुसऱ्यात प्लायच्या पातळ पत्र्यात लेझरने कापलेल्या फासळ्या, लाकडी पट्ट्यांचा एक जुडगा आणि मोठ्या कागदावरचा आराखडा. हे उघडल्यावर माणूस आधी थोडा घाबरतो. कणा सरळ ठेवून त्यावर फासळ्या काटकोनात उभ्या करायच्या. मग पट्ट्या. मधल्या भागात पट्टी शहाण्या मुलासारखी बसते, पण पुढच्या टोकाकडे फासळ्या लहान होत जातात आणि तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या तिथे मावत नाहीत. प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते. न तासता दाबून बसवली तर ती कडेवर उभी राहते आणि हलच्या अंगावर पायरी दिसते. वळण जास्त असेल तर पट्टी गरम पाण्यात भिजवून, वाकवून, टाचण्यांनी धरून वाळवायची. आणि डावी-उजवी बाजू आळीपाळीने चढवायची. एकच बाजू पूर्ण केली तर सुकणाऱ्या पट्ट्या कणा आपल्याकडे ओढतात आणि हल केळ्यासारखा वाकतो. माझ्या पहिल्या हलला असा बाक आला होता. सुकाणू सरळ ठेवलं तरी बोट सतत उजवीकडे जायची.

हे ज्याने केलं त्याने बोट बांधली. भाग आधी कापलेले होते म्हणून त्याचं श्रेय कमी करणारे लोक बहुधा स्वतः कधी पट्ट्या लावायला बसलेले नसतात.

फायबरचा हल तयार आणला. बाकी सगळं मी केलं. चालेल?

चालेल. नवख्या लोकांना वाटतं हल म्हणजे नव्वद टक्के बोट. प्रत्यक्षात रिकामा हल हे एक भांडं असतं. त्याची बोट करायची तर आधी त्याच्या बुडाला भोक पाडावं लागतं, आणि ते पाडताना पहिल्यांदा हात थरथरतो.

हे काम जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते बांधणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. मोटर आत, पंखा बाहेर. मधून ४ मिमीचा शाफ्ट एका नळीतून जातो, तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. नळीच्या दोन्ही टोकांना ब्राँझची बुशिंग (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) आणि आत ग्रीस. ही नळी आणि मोटरचा आस एका रेषेत आले नाहीत तर बोट चालते, पण घरघरते, बॅटरी लवकर संपते आणि बुशिंग झिजून तिथून पाणी आत यायला लागतं. मधे युनिव्हर्सल जॉइंट असतो, तो थोडा फरक सांभाळून घेईल अशी आशा सगळे करतात. तो फरक सांभाळतो, पण त्याची किंमत आवाजात आणि झिजेत वसूल करतो.

म्हणून युक्ती अशी. बसवताना जॉइंट लावायचाच नाही. त्याऐवजी मोटरचा दांडा आणि शाफ्ट दोन्ही ज्यात घट्ट बसतील असा पितळी नळीचा सरळ तुकडा लावायचा. आता मोटर, तुकडा आणि शाफ्ट मिळून एक ताठ दांडा झाला. तो हलमध्ये ठेवायचा, मोटरच्या पायाखाली पातळ पट्ट्या सरकवत हाताने फिरवायचा, आणि कुठेही अडत नाही अशी जागा सापडली की मोटरचा पाया आणि स्टर्न ट्यूब दोन्ही इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) तिथेच पक्कं करायचं. दुसऱ्या दिवशी तुकडा काढून खरा जॉइंट लावायचा. तपासायला मल्टिमीटर पुरतो. मोटर एकटी किती करंट घेते ते आधी बघून ठेवा, मग शाफ्ट जोडून बघा. आकडा थोडासा वाढेल. दुप्पट झाला तर कुठेतरी घासतंय.

आणखी दोन बारीक गोष्टी. नळीचं आतलं टोक जमेल तेवढं पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे ग्रीस संपलं तरी बोट लगेच भरत नाही. आणि काही चिकटवण्याआधी फायबरचा गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण बऱ्याचदा वर राहिलेलं असतं. त्यावर लावलेला रंग सालीसारखा निघतो आणि चिकटवलेली वस्तू नखाने उचकटता येते.

मग मोटर, सर्वो, रिसीव्हर हेही स्वतः करायला नकोत का?

नकोत. सुतार खिळे पाडत बसत नाही.

हे सगळं खरोखर स्वतः केलेला एक माणूस मात्र होऊन गेला. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात रेडिओवर चालणारी बोट दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. त्यांना रिसीव्हर विकत मिळणार नव्हता, कारण जगात तो कोणी विकतच नव्हतं. तुम्हाला तो मिळतो, तर घ्या.

बाजारचा माल कुठे बसवायचा हे मात्र तुमच्यावर आहे. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी हवेत लांबवर जातात, पण पाण्यात जवळजवळ लगेच मरतात. रिसीव्हरची अँटेना हलच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली गुंडाळून ठेवली तर बोट काठाजवळ नीट चालते आणि तळ्याच्या मध्यावर बहिरी होते. अँटेना उंच, डेकच्या खाली किंवा केबिनमध्ये न्या. म्हणूनच मॉडेल पाणबुडी चालवणारे लोक अजून जुने ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे संच जपून ठेवतात. सिग्नल तुटला तर मोटर बंद होईल असं फेलसेफही पहिल्याच दिवशी लावून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून तपासा.

पंखा, नांगर, कठडे, दिवे असली बारीक कामं विकत आणली तर?

पंखा विकतचाच बरा. पितळी पात्यांचा कोन सगळीकडे सारखा ठेवणं हे वेगळंच कसब आहे. बाकी बारकाव्यांचं तुमच्या मनावर. मी कठडे स्वतः तारेचे करतो आणि नांगर विकत आणतो. यामागे तत्त्व वगैरे काही नाही, मला नांगर जमत नाही.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेली बोट 'बांधलेली' कशी?

सध्या सगळ्यात जास्त भांडण याच प्रश्नावरून होतं. एक बाजू म्हणते, बटण दाबलं आणि झोपला, सकाळी बोट तयार. दुसरी म्हणते, तुम्ही एकदा छापून तरी बघा.

फाइल स्वतः काढली असेल तर माझ्या मते वादच नाही. संगणकावर हलचे छेद आखणं हे जुन्या काळच्या रेषा-आराखड्याचंच काम आहे, फक्त पेन्सिल बदलली. फाइल दुसऱ्याची असेल तर तुमची जागा किट बांधणाऱ्याच्या शेजारी. ती जागा काही वाईट नाही.

कारण छापल्यावरही बरंच उरतं. घरगुती प्रिंटरचा पाट बहुतेक २० ते २५ सेंटिमीटरचा. त्यामुळे ७० सेंटिमीटरचा हल तीन-चार तुकड्यांत येतो. ते सांधे सरळ रेषेत जोडायचे, आणि सांधा आला म्हणजे पाणी आलं. शिवाय छापलेली भिंत दिसते अखंड, पण ती थरांची असते आणि थरांमधून पाणी झिरपतं. आतून इपॉक्सीचा एक पातळ हात द्यावाच लागतो. बाहेरून पुट्टी, पॉलिश पेपर, परत पुट्टी, असं जिवावर येईपर्यंत. तसं केलं नाही तर रंग दिल्यावर थरांच्या रेषा जास्तच ठसठशीत दिसतात.

आणि पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं. काळ्या रंगाचा हल उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत राहिला तर संध्याकाळी तो वेगळ्याच जातीची बोट होऊन बाहेर येतो. उन्हात वापरायची असेल तर पीईटीजी किंवा एएसए ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं घ्या.

भाग मी आखले पण कापून दुसऱ्याने दिले. हे फसवणं आहे का?

नाही. करवत हाताने चालवायची की मशीनने, स्वतःच्या की दुसऱ्याच्या, यावरून मी कोणाची बोट कमी लेखणार नाही.

आराखडा दुसऱ्याचा वापरला तर बोट त्याची की माझी?

बोट तुमची, आराखडा त्याचा, आणि बोटीबद्दल बोलताना त्याचं नाव घ्यायचं. एवढं पुरेसं आहे. बहुतेक लोक तयार आराखड्यावरूनच बांधतात.

आराखडा लहान-मोठा करणार असाल तर मात्र आधी पाढे म्हणा. लांबी प्रमाणात कमी होते, पण वजन घनाच्या प्रमाणात कमी होतं. समजा खरी टगबोट ३० मीटर लांब आणि ४०० टन वजनाची आहे. १:५० प्रमाणात ती ६० सेंटिमीटरची होते. वजनाला मात्र ५० चा घन, म्हणजे १,२५,००० ने भागायचं. उत्तर येतं ३.२ किलो. एवढ्यात हल, मोटर, बॅटरी सगळं आरामात बसतं, वर शिसंही भरावं लागेल. तीच बोट कपाटावर मावावी म्हणून १:१०० ने केली तर लांबी ३० सेंटिमीटर आणि वजन फक्त ४०० ग्रॅम. आता त्यात बॅटरी, मोटर, सर्वो, रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर आणि खुद्द बोट बसवून दाखवा! बसते, पण प्रत्येक ग्रॅमला हिशेब द्यावा लागतो. उलट १:४० केली तर ७५ सेंटिमीटर आणि सव्वासहा किलो. मग ती उचलून तळ्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न येतो.

वेगाचंही असंच. खरी बोट १२ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ मीटर जात असेल, तर १:५० मॉडेलचा वेग ५० ने भागायचा नाही. ५० च्या वर्गमुळाने भागायचा, म्हणजे साधारण ७ ने. येतो सेकंदाला सुमारे ०.९ मीटर. रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही थोडा कमी. या वेगाला पुढच्या टोकाशी उठणारी लाट खऱ्या बोटीच्या लाटेसारखी दिसते. हा नियम इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी मॉडेलं पाण्यात ओढून सिद्ध केला. त्यासाठी १८७२ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की गावी त्यांचा पाण्याचा लांब हौद उभा राहिला. टगबोट स्पीडबोटीसारखी पळताना दिसली की बांधणाऱ्याने हा भागाकार केलेला नाही हे लांबूनच कळतं.

ज्याने हा हिशेब स्वतः केला आणि त्याप्रमाणे आराखड्यात बदल केले, त्याच्या बोटीत त्याचा वाटा मोठा आहे, रेषा मूळ कोणाच्याही असोत.

पाण्यात कधीच न सोडलेली बोट 'रेडिओ कंट्रोल बोट' धरायची का?

कपाटातलं सुंदर मॉडेल धरा. बोट व्हायला तिला पाण्यातून जावं लागतं, आणि ती सुरुवात घरच्या टबात होते.

डेक बंद करण्याआधी टबात तरंगवून बघा. सगळी यंत्रणा आपापल्या जागी ठेवा, मग छोट्या पिशव्यांत शिशाच्या गोळ्या घेऊन तळाशी ठेवत जा. हलवर आखलेली पाण्याची रेषा पुढे-मागे, दोन्ही बाजूंना सारखी टेकली पाहिजे. लगेच काही चिकटवू नका, कारण रंग आणि वरची केबिन यायची आहेत. त्यांचं वजन आत्ताच एखाद्या तुकड्याने डेकवर ठेवून धरा. मग एका बाजूला बोटाने दाबून सोडा. बोट चटकन सरळ झाली तर ठीक. आळसावल्यासारखी हळूहळू वर आली तर वजन फार उंचावर आहे. केबिन ३ मिमी प्लायची केली असेल तर ती काढा आणि १ मिमी प्लास्टिकची करा. शिसं वाढवत बसण्यापेक्षा वरचं वजन कमी करणं केव्हाही स्वस्त पडतं.

माझ्यासोबत दुसऱ्याने काम केलं. नाव कोणाचं?

दोघांचं. हा प्रश्न बहुधा मुलांच्या बोटींबद्दल येतो. वडील कापतात, मुलगी चिकटवते आणि स्पर्धेच्या अर्जावर एकटीचंच नाव. माझ्या कसोटीवर याचं उत्तर सोपं आहे. परीक्षकाने झाकण उघडून "बॅटरी इथेच का?" असं विचारलं, तर उत्तर कोण देतं? मी एकदा नऊ-दहा वर्षांच्या मुलीला यावर पाच मिनिटं बोलताना ऐकलं. वडील मागे उभे राहून नुसती मान डोलावत होते. करवत त्यांनीच चालवली असेल, पण बोट तिची होती.

अर्धवट सोडलेली किंवा जुनी बोट घेऊन पूर्ण केली तर?

'पूर्ण केली' म्हणा, नेमका शब्द आहे तो. आणि बरेचदा नव्या बोटीपेक्षा हे काम अवघड असतं, कारण आधीच्या माणसाने कुठे काय लपवलंय ते माहीत नसतं. एक सूचना. जुन्या हलवर इपॉक्सी लागलेलं असेल तर त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतू नका, ते नीट धरत नाही. पॉलिएस्टरवर इपॉक्सी मात्र छान बसतं. जुनं काय आहे ते कळत नसेल तर सरळ इपॉक्सीच वापरा.

स्पर्धांचे नियम काय म्हणतात?

स्पर्धेनुसार बदलतं, आणि हे बदलणंच मजेशीर आहे.

मॉडेल जहाजांची नॅव्हिगा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे. तिच्यात खऱ्या जहाजांची प्रमाणबद्ध मॉडेलं एफ-२ गटात येतात. तिथे आधी बांधणीला गुण मिळतात, मग पाण्यावर चालवण्याला. किटच्या बोटींसाठी एफ-४ हा वेगळा गट ठेवला आहे. म्हणजे किट ही हलकी गोष्ट आहे असं कोणी म्हणत नाही, फक्त तिची तुलना दुसऱ्या किटशी करतात. मला ही वाटणी पटते.

शिडाच्या बोटींमध्ये चित्र वेगळंच. इंटरनॅशनल वन मीटर या वर्गात हल १००० मिमीपेक्षा लांब नको, सगळी बोट ४ किलोपेक्षा हलकी नको, आणि हलला कार्बन फायबर चालत नाही. एवढं पाळलं की घरात लाकडी पट्ट्यांची करा नाहीतर कारखान्यातून मागवा. कोणी बांधली यावर शर्यत ठरत नाही, मोजमापावर ठरते. घरी बांधलेल्या बोटीही इथे मानाने उतरतात.

आणि ड्रॅगन फोर्स ६५ सारखे वर्ग याच्या बरोबर उलटे. तिथे सगळ्यांची बोट एकाच किटची, आणि नियमात स्पष्ट परवानगी असेल तेवढाच बदल करायचा. हाताने घडवलेलं सुंदर सुकाणू बसवलंत तर बक्षीस राहिलं बाजूला, बोटच बाद होते. तिथे 'मी बांधली' हे शब्द उच्चारायचे नाहीत.

पहिली बोट कुठली घ्यावी?

६० ते ७० सेंटिमीटरची, रुंद, बसक्या तळाची. टगबोट किंवा मासेमारीची बोट. वजन उचलते, कलत नाही, आत हात घालायला जागा असते. युद्धनौकेच्या मोहात पडू नका. ती लांब आणि अरुंद, वर तोफांचं ओझं, आणि पहिल्या वळणाला आडवी. स्पीडबोट तर नकोच.

विचारणाऱ्याला शेवटी सांगायचं काय?

यादी सांगा. मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतो. आराखडा कोणाचा, हल कुठून, काय विकत आणलं, काय घरी केलं, वजन किती, शिसं किती. कोणी विचारलं की झाकण उचलून दाखवतो, बोलायचं कामच उरत नाही. वर्षभराने बॅटरी बदलताना ती चिठ्ठी मलाच कामी येते, कारण तोवर मी सगळं विसरलेलो असतो. सोबत काम चालू असतानाचे फोटो ठेवा, विशेषतः डेक बंद होण्याआधीचे. बांधणीला गुण असलेल्या स्पर्धेत परीक्षकासमोर ते उपयोगी पडतात.

माझी बोट पहिल्याच दिवशी बुडाली. ती मोजायची का?

मोजायची, आणि आधी बाहेर काढायची. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी भिजली असेल तर ती लगेच सुटी करा, मोकळ्या जागेत जळणार नाही अशा भांड्यात बाजूला ठेवा आणि फुगतेय का यावर लक्ष ठेवा. ती पुन्हा चार्ज करू नका. रिसीव्हर आणि कंट्रोलर साध्या पाण्याने धुऊन चांगले वाळू द्या. खारं पाणी होतं तर हे आणखी तातडीने करा. मोटरच्या बुशिंगला तेलाचा थेंब.

मग कारण शोधा. माझी बुडाली तेव्हा मी आधी स्टर्न ट्यूबला दोष दिला. ती उचकटून पुन्हा बसवली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. नंतर रिकामा हल टबात धरून आत टॉर्च मारला तेव्हा सुकाणूच्या दांड्याभोवती एक बारीक चमकती रेघ दिसली. तिथून पाणी वर चढत होतं. आराखड्यात तिथे नळी दाखवलेली होती, पाण्याच्या रेषेच्या चांगली वर येणारी. मला ती उगाच वाटली होती, म्हणून मी नुसतं भोक पाडून दांडा आत घेतला होता. आता प्रत्येक बोटीत सुकाणूचा दांडा पितळी नळीतून येतो, तिचं वरचं टोक भरल्या बोटीच्या पाण्याच्या रेषेपेक्षा निदान १५ मिमी वर, आणि आत ग्रीस.